चारही चाके वळणाऱ्या गाडीत मागची चाके कोणत्या दिशेला वळतात?

प्रश्न (चोपडा)

नमस्कार. आपल्या भागात ‘फोर बाय फोर’ जीप आणि ट्रॅक्टर सर्वांच्या परिचयाचे आहेत, पण ती चारही चाकांना इंजिनची ताकद देण्याची व्यवस्था आहे. माझा प्रश्न फोर-व्हील स्टेअरिंगविषयी आहे. मागची चाके पुढच्या चाकांच्या उलट दिशेला वळतात असे एके ठिकाणी वाचले, तर त्याच दिशेला वळतात असे दुसरीकडे. यांपैकी खरे कोणते? आणि धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत किंवा तोरणमाळच्या घाटात याचा काही उपयोग होईल का?

उत्तर (धुळे)

दोन्ही खरे आहे. दिशा गाडीच्या वेगावरून ठरते.

वेग कमी असताना मागची चाके उलट दिशेला वळतात. साध्या गाडीत वळणाचे केंद्र मागच्या ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) सरळ रेषेत कुठेतरी बाजूला असते. मागची चाके उलट वळली की ते केंद्र पुढे सरकते आणि गाडीच्या जवळ येते. ३.२ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराची) मोठी गाडी घ्या. पुढची चाके ३५ अंश वळली, तर केंद्रापासून गाडीच्या मध्यरेषेपर्यंतचे अंतर सुमारे ४.६ मीटर भरते. त्यात मागची चाके १० अंश उलट वळवली की तेच अंतर ३.७ मीटरच्या आसपास येते. चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएस ५८० मध्ये मागची चाके १० अंशांपर्यंत वळतात, आणि म्हणूनच एवढी लांब गाडी सुमारे ११ मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरते.

वेग जास्त असताना प्रश्न जागेचा नसून स्थिरतेचा असतो. महामार्गावर लेन बदलताना आधी पुढच्या टायरांवर आडवा जोर येतो, त्याने गाडीचे तोंड फिरू लागते, आणि गाडी थोडी फिरल्यानंतरच मागच्या टायरांना रस्त्याशी कोन मिळून त्यांचा जोर सुरू होतो. हा क्षणभराचा उशीर म्हणजेच मागची बाजू डोलल्याचा अनुभव. मागची चाके त्याच दिशेला अंश-दोन अंश वळली, तर दोन्ही ॲक्सलवर जोर जवळजवळ एकाच वेळी येतो आणि गाडी फारशी न फिरता बाजूला सरकते. दिशा बदलण्याची वेगमर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. आजच्या अनेक गाड्यांत ती ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान आहे.

मला स्वतःला १९८७ च्या होंडा प्रिल्यूडची रचना सर्वांत चतुर वाटते, कारण तिच्यात वेग मोजणारे काहीच नव्हते. पुढच्या स्टेअरिंगपासून एक दांडा मागची चाके वळवणाऱ्या गिअरबॉक्सपर्यंत जात असे. स्टेअरिंग थोडे वळवले की मागची चाके त्याच दिशेला, आणि खूप वळवले की उलट दिशेला वळत. भरधाव वेगात कोणी स्टेअरिंग गरागरा फिरवत नाही, या साध्या निरीक्षणावर ती सगळी यंत्रणा उभी होती.

उत्तर (जळगाव, गॅरेज व्यवसाय)

वरील माहिती अचूक आहे. गल्लीसंबंधी एक सावधगिरी मात्र सांगतो. मागची चाके उलट वळत असताना गाडीची शेपटी वळणाच्या बाहेरच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त फेकली जाते. भिंतीला खेटून उभी केलेली गाडी स्टेअरिंग पूर्ण वळवून बाहेर काढली, तर मागचा बंपर भिंतीला घासण्याचा संभव असतो. शिवाय अशा गाडीचे अलाइनमेंट चारही चाकांचे आणि मागची चाके मध्यावर आहेत याची संगणकावर खात्री करूनच करावे लागते.

तोरणमाळच्या वळणांवर उपयोग निश्चित होईल. तथापि, लहान व्हीलबेसची हॅचबॅक तेथे सहज वळत असताना केवळ त्यासाठी एवढा खर्च आणि वजन वाढवणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. महामार्गावर ही यंत्रणा मध्येच बंद पडली तर?

उत्तर (धुळे)

पुढचे स्टेअरिंग तिच्यावर अवलंबून नसते, त्यामुळे गाडी वळवता येते. मागे बहुधा विजेची मोटर एक स्क्रू फिरवते आणि त्या स्क्रूचे आटे असे असतात की रस्त्याच्या धक्क्याने तो उलटा फिरत नाही. म्हणून वीज गेली तरी चाके सैल सुटत नाहीत, आहे त्या कोनात राहतात. तो कोन शून्य नसेल तर सरळ जाण्यासाठी स्टेअरिंग किंचित तिरपे धरावे लागते. डॅशबोर्डवर इशारा येताच वेग कमी करून गाडी दुरुस्तीला न्यावी.

उत्तर (साक्री)

हेच तत्त्व प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्यांची पाती नेणारे ट्रेलर पाहावेत. पात्याची लांबी एवढी असते की केवळ पुढच्या ओढणाऱ्या ट्रकने वळण घेतले, तर मागची टोके शेतात जातील. म्हणून अशा ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलची चाके हायड्रॉलिक दाबाने वळवतात. अवघड वळणावर मागून चालणारा माणूस ती रिमोटने स्वतंत्रपणे फिरवतो, आणि चालकाने त्याच्या इशाऱ्याशिवाय ट्रेलर पुढे घ्यायचा नसतो.