नाव चालीवरून ठरतं

गिटारवर ए मायनर सिक्स्थ या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाला) एफ शार्पचा बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, दिला की तो एफ शार्प हाफ-डिमिनिश्ड हाच कॉर्ड होतो, मग दोन नावं कशाला, असं एकाने विचारलंय. सूर तेच चार, खरं आहे: ए, सी, ई, एफ शार्प. पण बेस ए, जी, एफ शार्प, एफ असा उतरत असेल तर कानाला घर, म्हणजे मूळ कॉर्ड, ए मायनरच वाटतं. तिथे स्लॅशचंच नाव (आधी कॉर्ड, मग तिरप्या रेघेनंतर बेसचा सूर) योग्य. पुढे बी सेव्हन आणि ई मायनर हे कॉर्ड येत असतील तर हाफ-डिमिनिश्ड म्हणा.

पकड: सहाव्या, चौथ्या, तिसऱ्या तारेवर दुसरी फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचा खण), दुसरीवर पहिली. पाचवी तार मधल्या बोटाच्या टोकाने हलकेच मुकी करायची. गोव्यात मडगावला बलकावात (घराच्या दर्शनी ओसरीत) बसून मी एवढंच अख्खा पावसाळा घोटलं. मांडोच्या (गोव्यातल्या कोंकणी गीतप्रकाराच्या) संथ लयीत हा उतार वाजवून बघा, फार गोड लागतो.