शब्दचर्चा: दोन ओएसमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) गेमचं प्रोफाइल ‘शेअर करणे’, याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

भाच्याच्या कंप्युटरवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही टाकलंय आणि तो यूरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो. त्याला दोन्हीकडे एकच करिअर पुढे न्यायचंय, म्हणजे रात्री उबुंटूवर रॉटरडॅमला माल उतरवला तर सकाळी विंडोजमध्ये गाडी तिथंच उभी दिसली पाहिजे, पैसेही तेवढेच. गेम दोन्हीकडे चालतो त्यामुळे होण्यासारखं काम आहे. त्याला मराठीत नीट टिपण लिहून द्यावं म्हटलं तर पहिल्याच वाक्यात गाडी अडली. ‘प्रोफाइल शेअर करणे’ असं लिहिलं तर तो पेनड्राइव्हवर कॉपी मारून मोकळा होतो, कारण आपल्याकडे फोटो शेअर कर म्हणजे पाठव असाच अर्थ झालाय. ‘वाटणे’ लिहावं तर कानाला खटकतं. ‘सामायिक’ सरकारी पत्रातलं वाटतं. तुम्ही काय म्हणता?

———

वाटणे तर अजिबात नको. वाटलं की तुकडे पडतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं आणि मूळ संपतं. इथे तर उलट आहे, वस्तू एकच राहणार आणि दोघं वापरणार. शिवाय डिस्कचं पार्टिशन म्हणजे मराठीत सरळ वाटणीच की हो, जमिनीचं वाटणीपत्र होतं तेच. म्हणजे ‘वाटणी केलेल्या डिस्कवर प्रोफाइल वाटणे’ असं काहीतरी विचित्र होऊन बसेल. याला सामाईक हाच शब्द. भावाभावांची वाटणी झाली, बांध पडले, तरी विहीर सामाईक राहते, कारण ती कापून देता येत नाही. दोन ओएसच्या दोन वाटण्या आणि मधे एक डेटा पार्टिशन, त्यात प्रोफाइल, अगदी तसंच आहे हे. आणि सरकारी कसला, मसावि लसावितला ‘सा’ म्हणजे सामाईकच, पाचवी-सहावीपासून तोंडात आहे आपल्या.

———

सामाईकला अनुमोदन, पण तो शब्द एकटा पुरणार नाही. इंग्रजी शेअरच्या पोटात तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ड्युअल बूटवर, म्हणजे असं एकाच कंप्युटरवर दोन ओएस असताना, ती तिन्ही वेगळी दिसतात. एक म्हणजे कॉपी, विंडोजच्या डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरातून ‘प्रोफाइल्स’ उचलायचं आणि लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.लोकल’च्या आत ‘शेअर’ नावाचं फोल्डर असतं (तिथेही शेअरच, बघा!) त्यात गेमच्या नावाच्या फोल्डरात टाकायचं. ही झाली नक्कल. उद्या दोन्हीकडे खेळलात की दोन वेगळी करिअर झाली, मग कुठलं खरं? दुसरं म्हणजे तुम्हाला हवंय ते, फोल्डर एकाच जागी ठेवायचं आणि दोन्हीकडून तिकडे लिंक द्यायची, लिनक्सवर सिमलिंक, विंडोजवर ‘एमकेलिंक’ कमांडने जंक्शन. गेमला वाटतं फोल्डर जागेवरच आहे. याला ‘सामाईक ठेवणे’ म्हणा, ‘सामाईक करणे’ नको, कारण करणे म्हटलं की एकदा करून संपलं असं वाटतं, ठेवणे मधे ते तसंच राहणार हे येतं. तिसरं स्टीम क्लाउड, म्हणजे स्टीम या गेमच्या दुकानाची सेव्ह नेटवर ठेवायची सोय, तिथे प्रत्येक ओएसकडे स्वतःची प्रत असते आणि सर्व्हरमार्फत ती जुळवली जाते. ते सामाईक नाही, तो ताळमेळ. क्लाउडवालं प्रोफाइल डॉक्युमेंट्समध्ये नसून स्टीमच्याच फोल्डरमध्ये आत ठेवलेलं असतं, त्यामुळे लिंक द्यायची असेल तर त्या प्रोफाइलचं क्लाउड आधी बंद करायला सांगा, नाहीतर रिकाम्या फोल्डरला लिंक देऊन पोरगं शोधत बसेल.

———

आमच्याकडे ‘सामाईकात आहे’ म्हणतात, ‘ती विहीर सामाईकात हाये’. टिपणात ‘प्रोफाइल सामाईकात ठेव’ असं लिहिलंत तर बोलल्यासारखं वाटेल, भाच्याला शब्दकोश उघडावा लागणार नाही. आणि प्रोफाइल शब्दाबद्दलही एक वाक्य टाका, कारण पोरांना प्रोफाइल म्हणजे अकाउंट वाटतं, नाव-फोटो वगैरे. इथे प्रोफाइल म्हणजे चक्क एक फोल्डर आहे आणि त्याचं नाव आकड्यांत असतं (मधे ए ते एफ अक्षरंही येतात). रोमन लिपीत ‘दादा’ नावाने प्रोफाइल काढलं, पहिलं अक्षर कॅपिटल, तर फोल्डरचं नाव ४४६१६४६१ असं दिसेल, एकेका अक्षराचा हेक्स कोड, म्हणजे सोळाच्या पायातला क्रमांक, ओळीने लावलेला, ४४ म्हणजे मोठा डी, ६१ म्हणजे ए, ६४ म्हणजे छोटा डी, परत ६१. हे माहीत नसलं की पोरगं ते कचरा समजून डिलीट करतं किंवा हौसेने नाव बदलतं, मग गेमला प्रोफाइल ओळखू येत नाही. म्हणून माझं मत, प्रोफाइलला मराठी शब्द शोधू नका, प्रोफाइलच ठेवा, फक्त कशाला म्हणतोय ते सांगा.

———

ताई/दादा, ‘बंद करणे’ या शब्दावरही थांबा जरा, टिपणात सगळ्यात जास्त घोळ तोच घालणार आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन दाबलं तरी ते पुरतं बंद होत नसतं, कर्नलची, म्हणजे ओएसच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर लिहून ठेवून झोपतं. एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीचं) पार्टिशन तशा अवस्थेत असलं की लिनक्स ते एकतर माउंटच करत नाही, म्हणजे उघडतच नाही, किंवा फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही. मग गेममध्ये सेव्ह होत नाही आणि भाचा म्हणणार मामाचं टिपण चुकलं. म्हणून ‘विंडोज बंद करून उबुंटू चालू कर’ असं न लिहिता ‘फास्ट स्टार्टअप आधी काढून टाक, मग पूर्ण बंद कर’ असं लिहा. पूर्ण हा शब्द तिथे हवाच हवा. रिस्टार्ट केलं तर हा प्रश्न येत नाही, तेव्हा ते खरंच पूर्ण बंद होऊन परत उठतं.

———

खूप धन्यवाद सगळ्यांना, मनापासून. वाक्य आता असं केलंय: ‘प्रोफाइलचं फोल्डर डेटा पार्टिशनवर सामाईकात ठेव आणि दोन्ही ओएसमधून तिथे लिंक दे, कॉपी करू नकोस.’ ताळमेळ शब्द क्लाउडसाठी फार आवडला, बँकेच्या पासबुकाशी हिशोब जुळवतो तोच अर्थ. आता एक शंका राहिली. ताळमेळ करताना ‘नवीन’ प्रत कुठली हे तारीख-वेळेवर बघतात ना? आणि इथे तर विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, म्हणजे आपल्याकडे बरोब्बर साडेपाच तासांचा फरक.

———

घड्याळात तो फरक पडतो हे खरं, आणि म्हणूनच ‘नवीन’ ऐवजी ‘शेवटची खेळलेली’ लिहा. घड्याळ साडेपाच तास पुढे असताना सेव्ह झालेली फाइल तारखेने नवीन दिसते पण खेळ त्यात जुना असू शकतो. नेट लागलं की घड्याळ बहुधा आपोआप ठीक होतं पण त्याच्या आधी सेव्ह झालेल्यावर चुकीचीच वेळ राहते. दोन्ही ओएसना एकच पद्धत लावून द्या, लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगणं एका कमांडचं काम आहे, किंवा विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसी. तुमच्या सामाईक फोल्डरला याचा त्रास कमी, कारण तिथे प्रत एकच.

पण सामाईकात सगळंच जात नाही हेही लिहा. स्टिअरिंग व्हील, गेमपॅड यांची सेटिंग प्रोफाइलच्या आतल्या ‘कंट्रोल्स’ फाइलमध्ये असते आणि दोन ओएस त्या यंत्रांना वेगवेगळ्या नावाने ओळखतात, त्यामुळे इकडून तिकडे गेलं की व्हील परत जोडून द्यावं लागतं. ग्राफिक्सची ‘कॉन्फिग’ फाइल मात्र प्रोफाइल्सच्या बाहेर आहे, ती ज्याची त्याच्याकडे राहू दे, म्हणून अख्खं गेमचं फोल्डर लिंक करू नका. ‘मॉड’ (गेममध्ये वरून टाकलेले बदल) फोल्डरही प्रोफाइल्सच्या शेजारी वेगळं असतं, भाचा मॉड वापरत असेल तर तेही सामाईकात घ्या, कारण कुठले मॉड चालू आहेत ते प्रोफाइलमध्ये नोंदलेलं असतं आणि दुसरीकडे ते सापडले नाहीत की गेम तसं विचारत बसतो.