वखारी बंद नकोत, बुंधे वाचवा

लाकडाच्या वखारी बंद केल्या की जंगल वाचेल, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. आमच्या साताऱ्यातल्या पाटणकडं तोड होते ती मालकी रानात. लग्न, दवाखाना निघाला की मालक अख्खं रान उक्तं, म्हणजे एकरकमी, तोडायला देऊन टाकतो. ऐन, किंजळ, जांभूळ तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते, ती काढतातही. पण माझे वडील तोडीवर जायचे तेव्हा ऐन जमिनीलगत, तिरपा घाव घालून पाडायचे. पावसाळ्यात जमिनीत राहिलेल्या त्याच बुंध्याला धुमारे फुटायचे! आता मागून जेसीबी येतो आणि बुंधेच उपटतो. ते रान संपलंच. वखारी बंद करून तोडकऱ्यांच्या पोटावर पाय देण्याआधी हे बुंधे उपटणं थांबवा. आणि बांधावर बांबू लावा, 2017 पासून वनाबाहेरचा बांबू कायद्यानं झाडात धरत नाहीत, म्हणजे तोडीला झाडासारखी परवानगी नको.