मदत हवी आहे: गुरुवारच्या वळवावरून अमेरिकी जीएफएस आणि युरोपीय हवामान मॉडेलचं जुळेना, कुणाचं ऐकू?

शेडवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी. बेदाण्याचं शेड आहे. निम्मा माल जाळ्यांवर वाळत आलाय, बाकीचा अजून वेलीवर. उद्या तोड करून तो शेडवर टाकू की शुक्रवारपर्यंत थांबू? नवा टाकलेला माल भिजला की काळा पडतो, दर निम्म्यावर. वेलीवर ठेवला आणि गारा आल्या तर तोही गेला.

विंडी ॲपवर जीएफएस गुरुवारी संध्याकाळी १८ मिमी दाखवतंय, केप (ढग उसळवणारी हवेतली ऊर्जा) २००० च्या वर. ईसीएमडब्ल्यूएफ, म्हणजे युरोपीय मॉडेल, म्हणतं केप ११००, पाऊस जवळपास नाही, ढग सगळे बेळगावकडे. जर्मन मॉडेल आयकॉन मधेच लोंबकळतंय. हवामान खात्याचा पिवळा इशारा आहे, पण पिवळ्यावर तोड थांबवायची तर एप्रिलभर हातावर हात ठेवून बसावं लागेल. युरोपीय मॉडेलची ग्रिड (हिशेबाची चौकट) ९ किमी, जीएफएसची १३. म्हणून युरोपीय खरं धरू का?

ढगवेडा:
ग्रिडवर जाऊ नका. वळवाचा एक ढग पाच-दहा किमीचा. ही दोन्ही मॉडेल तो ढग प्रत्यक्ष उभा करत नाहीत, चौकटीतली ऊब आणि बाष्प बघून पावसाचा अंदाज बांधतात. म्हणून १८ मिमी तालुकाभर सारवल्यासारखा दिसतो. खरा पाऊस एका गावाला झोडपेल आणि शेजारी नुसती धूळ उडेल.

दोघांचा गुरुवार दुपारचा दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचं माप) किती आहे ते सांगा. भांडण बहुतेक तिथंच असणार.

शेडवाला_तासगाव:
जीएफएस २१, युरोपीय १६.

ढगवेडा:
मग केपमधला फरक तिथूनच आला. गुरुवारी सकाळी सांगली-कोल्हापूरचा मोजलेला दवबिंदू बघा आणि त्या वेळेला कुठलं मॉडेल जवळ होतं ते ताडा. सोबत सिन (ढगाला वर उठू न देणारा हवेतला अडथळा) बघा: दुपारी तीनलाही १०० च्या वर असेल तर केप कितीही असो, ढग सहसा माथा काढत नाही. आणि ८५० हेक्टापास्कलचे, म्हणजे साधारण दीड किमी उंचीवरचे वारे. समुद्राकडचे पश्चिमी आणि उपसागराकडचे पूर्वेचे वारे जिथं भिडतात ती रेषा तुमच्यावर आहे की विजापूरकडे सरकलीय, यावर सगळा खेळ आहे.

मिरजकर:
एकेका रनवर (मॉडेलच्या एका वेळच्या अंदाजावर) उड्या मारू नका राव. एन्सेम्बल, म्हणजे थोड्या वेगळ्या सुरुवातीनं चालवलेल्या अंदाजांचा संच, उघडा, जीएफएसचे ३१ सदस्य, युरोपीयचे ५१. किती जण तुमच्याकडे पाऊस पाडतात ते मोजा. सकाळी साडेपाचचा रन ॲपवर यायला दुपार उजाडते, तेव्हा तोडीचा निर्णय त्यावर टांगू नका.

माझं मत विचाराल तर थांबा. दोन दिवसांत वेलीवरचा माल काही बिघडत नाही, साखर वाढेलच. गारांची धास्ती आहे, पण कुठल्या बागेवर पडतील हे कुठलंच मॉडेल सांगणार नाही. ओलीचा धोका मात्र शेडवर टाकलेल्या सगळ्याच मालाला.

शेडवाला_तासगाव:
पटलं. टोळीला शुक्रवारचं सांगतो, आज बाजूच्या ताडपत्र्या बांधून घेतो.

मिरजकर:
बांधा. गुरुवारी दुपारपासून विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपही चालू ठेवा. शेडचे लोखंडी अँगल आणि पत्रा, वीज जवळ दिसली की माणसं आधी पक्क्या घरात.