कळसूबाईवर पळालेल्यांनो, उताराचं बोला! (अनुभव धागा)

कळसूबाई १६४६ मीटर. बारी गावातून निघालं तर आठशे मीटरच्या वर चढ. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. आपण माथ्यावर किती मिनिटांत पोचलो हेही प्रत्येक जण न विचारता सांगतो. उतरताना काय झालं ते मात्र कुणी काढत नाही. मीही काढलं नव्हतं, आता काढतो.

डिसेंबरात पहाटे पाचला बारीतून पळायला लागलो. पळालो म्हणजे खाचरं संपेपर्यंत. पुढे गुडघ्यांवर हात टेकून झपाझप चालणंच, आणि तेच बरोबर. इतक्या उभ्या चढावर पळणारा आणि चालणारा यांच्यात अंतर फारसं पडत नाही, दम मात्र पळणाऱ्याचा जातो. माथ्यावर देवळाला हात लावला, घड्याळ बघितलं, खूश झालो. मग टाचा रोवत, दर पावलाला ब्रेक मारत खाली निघालो. अर्ध्यात मांड्या लटपटायला लागल्या. मंगळवारी ऑफिसच्या जिन्यावरून कठडा धरून, मागे तोंड करून उतरत होतो. शिपाईकाका वर येताना थांबले. "साहेब, वर काही विसरलं का?"

तर लिहा. चढाची वेळ सांगायला बंदी नाही, पण उतार सांगितल्याशिवाय नको.

सिन्नरची सून

आमच्याकडे नवरात्रात कळसूबाईला जाणं असतंच. लग्नानंतर पहिली चार वर्षं सासूबाईंबरोबर, त्यांच्या चालीनं, ओटीचं सामान घेऊन गेले. पाचव्या वर्षी मी पळायला लागले होते, म्हणून परवानगी काढून पुढे गेले. परत येताना मधल्या सपाटीवर त्या भेटल्या, अजून वरच चालल्या होत्या. किती वेळ लागला विचारलं, मी अभिमानानं सांगितलं. म्हणाल्या, "देवीला भेटलीस का नुसती शिवून आलीस?" मुकाट्यानं त्यांच्याबरोबर पुन्हा चढले.

त्या दिवशी दोनदा उतरल्यामुळे एक कळलं. पहिल्यांदा एकटी सुसाट आले तेव्हा दोन वेळा घसरले. दुसऱ्यांदा सासूबाईंच्या मागे तिरपी पावलं टाकत आले तेव्हा एकदाही नाही. दुखायचं ते दुखलंच म्हणा.

कळसूची गोष्ट माहीत असेल. इंदोऱ्यात एका घरी ती कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी दोन्ही सांगितलं. तिनं केलं, आणि डोंगर चढून गेली ती गेलीच. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. बाईनं उताराची भानगडच ठेवली नाही!

फोटोवाला

उतरताना पळता पळता फोन काढला. समोरचे दोन दात. बाकी सगळं झकास.

बारीकडचा

मी पळत नाही, पण शनिवार-रविवारी वरच्या टपरीवर पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स डोक्यावर घेऊन जातो, म्हणून लिहितो. तुम्ही लोक उतरताना मागं झुकता. मागं झुकलं की सगळा भार टाचेवर येतो, आणि घसाऱ्यावर टाच पहिली सुटते. अंग थोडं पुढं पाहिजे, गुडघा जरासा वाकलेला, पावलं बारीक आणि भरभर. लांब ढांग टाकून वरून उडी मारायची नाही. नजर पायाजवळ नको, चार पावलं पुढं ठेवा. मार्च-एप्रिलात सुटा मुरूम असतो तेव्हा पाय ठेवायला बसका दगड शोधा. पावसाळ्यात तोच दगड शेवाळलेला असतो, तेव्हा गवताच्या कडेनं या.

शिड्यांवर तोंड शिडीकडं करून उतरायचं. पावसात लोखंड गार पडतं, बोटं बधिर होतात, पकड आहे असं वाटतं आणि नसते. जुलै-ऑगस्टातल्या रविवारी तिथं रांग लागते. त्या दिवशी वेळ लावायला येऊच नका, मधल्या वारी या.

अजून दोन सांगणी. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बांधावरून पळू नका, बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि रोपं सुकतात. आणि मागून "साइड, साइड" ओरडू नका. नवस फेडायला म्हातारी माणसं येतात, ती दचकतात. "मावशी, जरा पुढं जाऊ का" म्हटलं तर कुणी अडवत नाही.

पन्नाशीपार

बारीकडचे दादा, "मागं झुकता" हे वाचून खुर्चीत सरळ बसलो. मी पुण्याचा, सराव सिंहगडावर, आतकरवाडीच्या वाटेनं. आठवड्यातून दोनदा वर जाऊन दह्याचं मडकं रिकामं करायचं आणि खाली यायचं, हा माझा व्यायाम. त्या जोरावर मेमध्ये कळसूबाईला गेलो.

चूक पाण्याची झाली. पाणी भरपूर प्यायलो, पण नुसतं पाणी. घामातून मीठ चाललंय हे डोक्यातच आलं नाही. उतरताना शिडीच्या तोंडाशी पोटरीत असा गोळा आला की एक पाय हवेत धरून दहा मिनिटं बसून राहिलो. मागची चाळीसेक माणसं खोळंबली. एका पोरानं पोटरी चोळून दिली, एका ताईंनी लोणच्याची फोड दिली. गोळा फोडीनं गेला की बसण्यानं, देव जाणे. आता ओआरएस बरोबर असतं. पुडीवर एक लिटर लिहिलंय तर एक लिटरच पाणी घ्यायचं. लहान बाटलीत अख्खी पुडी घालून घट्ट काला करणारे मी बघितलेत, त्यानं मळमळतं आणि तहान वाढते.

हाडांची डॉक्टर

धागाकर्त्यांच्या जिन्याचं कारण सांगते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू शरीराचं वजन पेलत पेलत लांबतो, म्हणजे ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दम लागत नाही, पण दुखतं जास्त, आणि तेही लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी जोरात. रविवारचा डोंगर मंगळवारी वसूल होतो तो असा.

दिलाशाची गोष्ट अशी की एकदा हे झालं की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच कमी दुखवतो. त्यामुळे मोठ्या उताराआधी दोन-तीन आठवडे एखादी लहान टेकडी मुद्दाम पळत उतरून ठेवा. मात्र दुखणं पराकोटीचं असेल आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर घरी तेल चोळत बसू नका. स्नायू फार मोडल्याची ती खूण असते आणि मूत्रपिंडावर बेततं. थेट दवाखाना गाठा.

एडिंबराहून

इथला स्कॉटलंडमधला डोंगर बेन नेव्हिस १३४५ मीटर, म्हणजे साधारण आपल्या सिंहगडाएवढा. फरक असा की इथे सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून होते. पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावाहून माथा गाठून परत यायची जुनी शर्यत आहे, साधारण १४ किलोमीटरची. केनी स्टुअर्टनं १९८४ साली ती १ तास २५ मिनिटं ३४ सेकंदांत मारली, जाऊन-येऊन! मी शर्यतीत नव्हतो, आपला एकटाच पळायला गेलो होतो. वर सुटे दगड, ढग आणि वारा. चढताना अंग तापलेलं होतं, माथ्यावर पाच मिनिटं थांबलो आणि दात वाजायला लागले. उतरताना बुटाची नाडी सुटली तर बांधता येईना, बोटं वळतच नव्हती.

इथले लोक शिट्टी, टोपी, हातमोजे आणि अंगभर वाऱ्या-पावसाचे कपडे घेतल्याशिवाय डोंगरी शर्यतीत पळू देत नाहीत. आधी मला तो बाऊ वाटायचा. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारठून २१ धावपटू गेले, त्यानंतर वाटेनासा झाला. सह्याद्रीत बर्फ नसतो, पण आषाढात भिजलेल्या बनियनवर कळसूबाईच्या माथ्याचा वारा घेऊन बघा.

निम्मीशिम्मी

मी माथ्यावर पोचलेच नाही, चालेल का लिहिलेलं? जूनच्या सुरुवातीला गेलो होतो. माथ्याच्या अलीकडच्या विहिरीपर्यंत चांगला वेग होता. तिथे अलंग-मदन-कुलंगच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि गडगडायला लागलं. पुढे लोखंडी शिडी. नवरा म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, जा तू, विम्याचे कागद कुठे आहेत तेवढं सांगून जा. मग दोघंही फिरलो.

खाली येताना पावसानं गाठलंच. वाटेचा ओढा झाला. बसून, सरकत, झुडपांना धरत आलो. पँट गेली. घड्याळ सांगत होतं, उतरायला चढण्यापेक्षा चाळीस मिनिटं जास्त लागली.