ल्युइसचा मठ कुणी मोडला: राजाने की रेल्वेने?

भटकभवानी:
ब्रायटनहून ल्युइसला येताना गाडी एका मठाच्या पोटातून जाते, हे परवा कळलं आणि डोकंच सणकलं. सेंट पॅनक्रसची प्रायरी (लंडनच्या स्टेशनाशी संबंध नाही, संत मात्र तोच). नॉर्मन सरदार विल्यम द वॉरेन आणि त्याची बायको गुंड्राडा यांनी ११ व्या शतकात उभारलेला, इंग्लंडमधला क्लुनी (फ्रान्समधला ख्रिस्ती भिक्षूंचा) पंथाचा पहिला मठ. १८४५ मध्ये रूळ टाकायला त्याची जागा सरळ खणून काढली. याला विकास म्हणायचं?

रुळावरचा:
ताई, राग चुकीच्या माणसावर काढताय. १८४५ ला तिथे मोडायला उरलं काय होतं? मठ १५३७ मध्येच आठव्या हेन्रीच्या ताब्यात गेला. त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने पोर्तिनारी नावाचा इटालियन इंजिनियर धाडला. भिंतींचा पाया पोखरायचा, लाकडी टेकू लावायचे आणि मग ते टेकू जाळायचे, अशी त्याची रीत. छपराचं शिसंही वितळवून नेलं. उलट रेल्वेच्या मजुरांमुळेच विल्यम-गुंड्राडाच्या अस्थी सापडल्या!

भटकभवानी:
सापडल्या म्हणजे फावड्याला लागल्या. त्या अस्थींच्या शिशाच्या पेट्या ल्युइसमधल्याच साउथओव्हरच्या चर्चमध्ये आहेत, मी पाहिल्यात. जेमतेम तीन फुटी, पत्र्यावर दोरीच्या जाळीसारखी नक्षी, झाकणावर नाव कोरलेलं. तेवढ्यासाठी रेल्वेची आरती ओवाळू? चोराच्या हातून पाकीट पडलं म्हणून त्याचे आभार मानतो का आपण?

कोपऱ्यातला:
गावकऱ्यांना दोघंही विसरलात. १५७२ चा साउथओव्हर ग्रेंज हा वाडा जाऊन बघा, मठाचेच दगड. गुंड्राडाच्या थडग्याची काळी शिळा तर जवळच्या इसफिल्ड गावच्या चर्चमध्ये भलत्याच माणसाच्या थडग्यावर मिळाली. हात सगळ्यांनीच मारलाय.

रुळावरचा:
घ्या! आणि उरलंय त्यात मोठं काय, तर भिक्षूंचे संडास. वेदी गेली, संडास राहिले.

भटकभवानी:
हसा. गावकऱ्यांनी दगड नेले तरी ते कुठल्या तरी भिंतीत आज दिसतात. तुमच्या रेल्वेने जमीनच खरवडून नेली, तिथे आता कोण काय उकरणार? रूळ पन्नास पावलं बाजूने नेले असते तर ब्रायटन काय पळून जाणार होतं?

रुळावरचा:
पन्नास पावलं बाजूला कुणाचं तरी घर असणार, मग तुम्ही त्याच्यावर धागा काढला असता.