२२ तास उड्डाण होऊनही सोलो (एकटीने उड्डाण) नाही. लँडिंगमध्ये नेमके काय चुकत असावे?

प्रश्न

खासगी वैमानिक परवान्यासाठी मी सेसना १७२ वर प्रशिक्षण घेत असून आतापर्यंत माझे २२ तास उड्डाण झाले आहे. सरळ उड्डाण, वळणे, स्टॉल (पंखांची उचल अचानक घटणे) आणि त्यातून विमान सावरणे याबद्दल प्रशिक्षक समाधानी आहेत. अडते ते लँडिंगपाशी. कधी मी फार लवकर नाक उचलते आणि विमान धावपट्टीवर तरंगत राहून शेवटी धप्पकन बसते, तर कधी उशीर होऊन चाके आपटतात आणि विमान उसळी घेते. परवा ९ लँडिंगपैकी ३च मनासारखी साधली. परवान्याची किमान अट ४० तासांची असताना निम्म्याहून अधिक तास संपूनही एकटीने उडता येत नाही, हे मनाला फार लागते. प्रशिक्षक बदलावा, की ही माझ्याच क्षमतेची मर्यादा समजावी?

प्रतिसाद १

मी स्वतः प्रशिक्षक आहे, म्हणून आधी दोन गोष्टी विचारतो. शेवटच्या काही सेकंदांत तुमची नजर कोठे असते? ती नाकाच्या लगेच पुढे असेल, तर जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि हात आपोआप योक (नियंत्रणाचे चाक) मागे ओढतो. फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूहळू उचलणे) सुरू करताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यावी; मग दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत वर येऊ लागतात आणि उंचीचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरे म्हणजे, धावपट्टीच्या सुरुवातीला तुमचा वेग किती असतो? ६५ नॉटऐवजी ७५ नॉट म्हणजे फक्त १० नॉट जास्त असे वाटते, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती सुमारे एक तृतीयांशाने अधिक असते. त्यातच जमिनीपासून पंखांच्या लांबीहून कमी उंचीवर ग्राउंड इफेक्टमुळे (जमिनीच्या जवळिकीच्या परिणामामुळे) ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, घटतो, त्यामुळे ही जादा ऊर्जा लवकर खर्च होत नाही आणि विमान तरंगत राहते. तुम्ही ज्याला फ्लेअरची चूक म्हणता, ती बहुधा अर्धा मैल आधी अप्रोचमध्येच (धावपट्टीकडे खाली येताना) झालेली असते. आपल्या मॉडेलच्या हँडबुकमधील वेग पाहून घ्या, विमान त्या वेगावर ट्रिम करा (योकवर जोर न लावता तो वेग टिकेल असे जुळवा) आणि योकवरची पकड दोन बोटांइतकी सैल ठेवा. शिवाय पुरेशी लांब धावपट्टी असल्यास, थोडी पॉवर ठेवून काही फुटांवरून सेंटरलाइन (धावपट्टीची मधली रेषा) धरून न टेकता उडण्याचा सराव प्रशिक्षकांसोबत अवश्य करावा. एरवी दोन-तीन सेकंदांत संपणारे दृश्य त्यात बराच वेळ पाहायला मिळते, आणि माझ्या अनुभवात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

प्रतिसाद २

माझे पहिले सोलो ३१ व्या तासाला झाले आणि आज माझ्याकडे परवाना आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकात ४० तास, आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ३५ तास, ही किमान मर्यादा आहे. बहुतेकांना त्याहून जास्त तास लागतात. त्यातले सोलो फक्त १० तास असतात, त्यामुळे तुमची वेळ गेलेली नाही. माझी अडचण वेगळीच होती: मी पंधरा दिवसांतून एकदा उडत होतो आणि प्रत्येक वेळी पहिला अर्धा तास विसरलेले आठवण्यात जात होता. आठवड्यातून तीनदा उडू लागल्यावर महिन्याभरात हात बसला. प्रशिक्षक एकदम बदलू नका. दुसऱ्या प्रशिक्षकासोबत एकच उड्डाण करून त्यांचे मत घ्या.

पहिल्या सोलोच्या दिवशी प्रशिक्षकांनी विमानातून उतरताना आपला सीटबेल्ट रिकाम्या सीटवर नीट बांधून ठेवला होता. त्यांचे वजन नसल्याने विमान इतक्या वेगाने वर चढले की नेहमीचे वळण येण्याआधीच सर्किटची (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्याची) उंची गाठली गेली. तो बांधलेला बेल्ट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

प्रश्नकर्ती

आज मुद्दाम वेग पाहिला: तीनही वेळा ७४-७५ नॉट. स्टॉलच्या भीतीने मी दर वेळी थोडा वेग "सुरक्षिततेसाठी" वाढवून ठेवत होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. परवा सेंटरलाइनचा सराव ठरला आहे.

प्रतिसाद ३

उसळीबद्दल एक सांगायचे राहिले. विमान उसळले की नाक खाली ढकलू नये. तसे केल्यास पुढचे चाक आधी आपटते आणि पुढची उसळी आणखी मोठी होते. पूर्ण थ्रॉटल (इंजिनची शक्ती) द्यावा, विमान वर चढू लागल्यावर फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) टप्प्याटप्प्याने वर घ्यावेत आणि पुन्हा सर्किटमध्ये यावे. सोलोसाठी सोडण्यापूर्वी मी विद्यार्थ्याचे सुंदर लँडिंग पाहत नाही; बिघडलेला अप्रोच ओळखून, मी काही बोलण्याच्या आत तो स्वतः गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणे) करतो का, एवढेच पाहतो.